पाळणाघरातले साहेब

काकूंकडे आधी मुलं यायची. कुत्री नंतर आली. दोन्हींत फारसा फरक नसतो, असं काकू बिनदिक्कत सांगतात. मुलांच्या आईबापांसमोर तेवढं सांगत नाहीत.

तळमजल्यावरच्या तीन खोल्या आणि मागचं उंच भिंतीचं अंगण, एवढ्या जागेत त्यांनी वर्षानुवर्षं पाळणाघर चालवलं. मग गल्लीतली मुलं मोठी झाली, शिकायला गेली, नोकरीला लागली, आणि नवी मुलं काही येईनात. नवी बिऱ्हाडं मात्र येत होती. दोघं दोघं कमावणारी, सकाळी घाईनं कुलूप लावून बाहेर पडणारी, आणि त्यांच्या बंद दारामागे दिवसभर एक कुत्रं केकाटणारं. एके दिवशी काकूंच्या हाताखाली वाढलेली एक मुलगी दारात उभी राहिली. लग्न झालेली, हातात दोरी, दोरीला एक पांढरं गुबगुबीत पिल्लू. म्हणाली, "काकू, मला सांभाळलंत तसं याला आठवडाभर सांभाळाल का? मला तर तुम्ही चार वर्षं झेललंत."

काकू नाही म्हणायला तोंड उघडणार तोच पिल्लानं आत येऊन चटईवर मुतून ठेवलं. ती मुलगी लहानपणी हेच करायची. काकूंना हसू आलं आणि तिथंच त्यांचा निकाल लागला.

तेव्हापासून घरात काही फार बदललं नाही. भिंतीवरच्या बुटक्या खुंट्यांना दप्तरांऐवजी दोऱ्या लटकतात. दोन खोल्यांमधलं अर्धं दार, ज्यावरून पोरं उड्या मारायची, त्यावरून आता कुत्री मारतात. काकूंची नावं ठेवण्याची खोडही गेली नाही. मालक काय वाटेल ते नाव ठेवोत, काकूंकडे आलं की कुत्र्याचं नव्यानं बारसं होतं. प्रत्येक गोष्टीवर भुंकून हुज्जत घालतो तो वकील. पांढरं पिल्लू मोठं होऊनही रडतच राहिलं, ती रडूबाई. आणि काकूंची स्वतःची म्हातारी काळी कुत्री, जी नुसतं मान वळवून बघते आणि सगळी टोळी गप्प होते, ती सासूबाई.

या शेवटच्या नावावरून घरात रणकंदन झालं होतं. कारण वरच्या मजल्यावर काकूंच्या थोरल्या नणंदबाई राहतात. काकू त्यांना वन्सं म्हणतात. काकूंचे मिस्टर गेल्यापासून या दोघीच एकमेकींना आहेत, आणि एकमेकींना पुरून उरतात.

"वहिनी, माझ्या आईचं नाव कुत्रीला?"

"नाव कुठं वन्सं, हुद्दा आहे तो. आईंना काय कमी होतं का यात?"

वन्सं चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी अंगणात दोन कुत्र्यांची जुंपणार असं दिसलं, तेव्हा ही काळी म्हातारी उठली, दोघांच्या मधून संथपणे चालत गेली आणि पलीकडे जाऊन बसली. भांडण जागच्या जागी विरलं. वन्संनी वरच्या खिडकीतून हे पाहिलं आणि म्हणाल्या, "आई अगदी अशीच जायची हो पदर सावरत." नावाचा प्रश्न मिटला.

कुत्र्यांना कुत्र्यांत मिसळायला शिकवणं हे काकूंचं खरं काम. सांभाळायला काय, कुणीही सांभाळेल. नवं कुत्रं आलं की लोक दार उघडतात आणि 'जा बाळा, खेळ' म्हणून आत ढकलतात. काकूंना याचा भयंकर राग. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी पन्नास नातेवाइकांत उभं करून 'आता हस' म्हणण्यातला हा प्रकार, असं त्यांचं मत. त्यांची पद्धत वेगळी. नव्या कुत्र्याला आधी घरात आणायचंच नाही. मागच्या शांत गल्लीत रस्त्याच्या एका कडेनं ते, दुसऱ्या कडेनं सासूबाई, दोघं एकाच दिशेनं चालवायची. समोरासमोर आणायचं नाही. समोरासमोर उभं राहतात ते भांडायला, मग माणसं असोत की कुत्री. चालता चालता अंतर कमी करायचं. मागून वास घेऊ द्यायचा. मग अंगणात फक्त सासूबाईसोबत. मग वकील. मग बाकीचे, एकेक करून. अंगणातली खेळणी आधी उचलायची. गळपट्टे काढायचे, कारण खेळताना एकाचा दात दुसऱ्याच्या गळपट्ट्यात अडकला की दोघंही घाबरतात आणि घाबरलेलं कुत्रं चावतं. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत. एवढं सगळं होईपर्यंत काकूंचे डोळे कुत्र्यावरून हलत नाहीत. शेपटी ताठ झाली का, कान मागे गेले का, झोप आलेली नसताना जांभई दिली का, जीभ ओठांवरून फिरली का. ही अक्षरं त्या घडाघडा वाचतात. चावरं म्हणून इतरांनी परत पाठवलेली कुत्रीसुद्धा त्यांच्याकडे येऊन वठणीवर आली, असा त्यांचा लौकिक. थोडा गर्वही होताच. कशाला खोटं बोला.

म्हणून मास्तरांची लेक त्यांच्याकडे आली.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. निम्मं शहर त्यांच्या शेजारी बसून गियर टाकायला शिकलेलं. काकूंचे मिस्टरही त्यांचेच विद्यार्थी, आणि मास्तरांच्या नावानं ते कायम बोटं मोडायचे. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मिस्टर म्हणायचे, "मला ब्रेक लावायची वेळच आली नाही कधी. माझ्या मनात यायच्या आधी त्या माणसानं दाबलेला असायचा." आता मास्तरांचं वय झालं होतं, बायको जाऊन काही वर्षं लोटली होती, आणि घरात ते आणि त्यांचा कुत्रा एवढेच. कुत्रा मोठा, तपकिरी, गंभीर चेहऱ्याचा. त्याला मास्तर साहेब म्हणायचे. इथं मात्र काकूंना नवं नाव सुचेना. तो साहेबच दिसत होता.

लेकीनं दारातच सगळं सांगून टाकलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"काकू, बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी तारीख दिली, बाबांनी पुढे ढकलली. परत दिली, परत ढकलली. का, तर साहेबाला कुठं ठेवायचं. माझ्या इमारतीत कुत्रं चालत नाही. दोन ठिकाणी ठेवून बघितला, बाबा दिवसभर तिथंच घुटमळत बसलेले, दोन्हीकडून दुसऱ्या दिवशी फोन, घेऊन जा, बाकीच्यांवर धावतो. आता डॉक्टर म्हणाले, या वेळी पुढं ढकललंत तर मी जबाबदार नाही." ती थांबली. "जिना चढताना त्यांना मधे बसावं लागतं, काकू. आणि मला म्हणतात, साहेबाची सोय झाली की लगेच जातो."

"होईल सोय," काकू म्हणाल्या. "घेऊन ये दोघांना."

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीत ठरल्याप्रमाणे सुरुवात झाली. एका कडेला मास्तर आणि साहेब, दुसऱ्या कडेला काकू आणि सासूबाई. पहिल्या भेटीत कुत्र्याच्या ओळखीचं माणूस सोबत असावं, म्हणजे त्याला धीर येतो, हा काकूंचा नियम. म्हणून दोरी मास्तरांच्याच हातात. चार पावलं चालले असतील नसतील. साहेबानं सासूबाईकडे पाहिलं, अंग ताठ केलं आणि असा काही झेपावला की मास्तर भिंतीवर आदळता आदळता वाचले. काकूंनी अंतर वाढवलं. पुन्हा तेच. गल्लीच्या टोकापर्यंत लांब नेलं. पुन्हा तेच. साहेबाच्या तोंडाला फेस, मास्तरांचा चेहरा पांढराफटक, आणि सासूबाई, जन्मात कुणापुढे मान न झुकवलेली, काकूंच्या पायांमागे जाऊन उभी.

काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कुत्र्याला नाही म्हटलं.

"मास्तर, हा नाही व्हायचा टोळीत. माझ्याकडची बाकीची कुत्री लोकांची आहेत. मला जोखीम घेता येणार नाही."

लेक मटकन फुटपाथवरच बसली. मास्तर मात्र वाईट वाटून घेण्याऐवजी एकदम मोकळे झाल्यासारखे दिसले. "बघ, मी म्हणत नव्हतो?" ते लेकीला म्हणाले. "याला दुसरीकडं जमतच नाही. बिचाऱ्याला माझ्याशिवाय कुणी नाही. जाऊ दे, डॉक्टरांना सांगू थोडं पुढं." आणि साहेबाच्या पाठीवरून हात फिरवत धापा टाकत निघून गेले.

रात्री जेवताना काकू नुसता भात चिवडत बसल्या. वन्संनी दोन घास खाल्ले आणि शांतपणे विचारलं, "वहिनी, तू आज त्या माणसाकडे एकदा तरी बघितलंस का?"

"कुत्र्याकडे बघायला वेळ पुरला नाही, माणसाकडे कुठं बघू?"

"मी वरून बघत होते. तुझं ते कुत्रं नीट चाललं होतं. त्यानं सासूबाईंकडं नुसतं वळून पाहिलं. तेवढ्यात मास्तरांनी दोरी दोन वेढे हाताला गुंडाळली आणि अशी खेचली, अशी. मग ते उडालं."

"आधी कुत्रं ताठलं, वन्सं. मी बघितलं."

"आधी हात."

काकू चिडल्या. "तुम्हाला कुत्र्यांतलं काय कळतं हो?"

"काही नाही कळत. म्हणून तर माणसाकडं बघत होते."

काकूंनी ताट उचललं, भांडी जरा जास्तच आवाज करत घासली आणि झोपायला गेल्या. झोप लागली नाही. एवढी वर्षं शेपट्या आणि कान वाचले, पण दोरीला दोन टोकं असतात आणि दुसऱ्या टोकालाही एक जीव असतो, हे त्यांनी बघितलंच नव्हतं. पाळणाघरात त्या मुलांच्या आयांना दारातून तडक कामाला पिटाळायच्या. आई रेंगाळली की मूल रुळत नाही, हे त्यांना पाठ होतं. आणि कुत्र्यांच्या बाबतीत मात्र मालकाला शेजारी उभा करत होत्या, धीर द्यायला म्हणे. ज्या माणसाचीच पाचावर धारण बसलेली, तो दुसऱ्याला काय धीर देणार?

सकाळी त्यांनी लेकीला फोन केला. "मास्तरांना न आणता साहेबाला घेऊन ये. फिरायला नेते म्हणून सांग. दोरी माझ्या हातात दे आणि मागं न बघता निघून जा."

लेकीनं तसंच केलं. ती वळणावरून दिसेनाशी झाली तशी साहेबानं जरा वेळ तिकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. दोरी ढिली सोडून, बाजारात भाजी आणायला निघाल्यासारख्या त्या चालू लागल्या. पलीकडच्या कडेनं वन्सं सासूबाईला घेऊन निघाल्या होत्या. वन्संना कुत्र्याची दोरी धरायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे चेहरा असा की जणू कुणाचा तरी गुन्हा अंगावर आलाय. पण हात सैल होता.

साहेबानं वळून पाहिलं. शेपटी वर गेली. कान पुढं आले. काकूंना बोटं आवळावीशी वाटली, पण त्यांनी ती आवळली नाहीत. साहेब बघत राहिला, बघत राहिला, आणि मग जमिनीला नाक लावून एका खांबाचा वास घ्यायला लागला. खांब जास्त महत्त्वाचा वाटला त्याला.

त्या दिवशी एवढंच. मग रोज थोडं पुढं. सासूबाईनं त्याचा मागून वास घेतला आणि पसंतीचा म्हणा, नापसंतीचा म्हणा, एक सुस्कारा टाकून ती बाजूला झाली. अंगणात आल्यावर वकील त्याच्यावर तोंड भरून भुंकला. साहेबानं ते सगळं ऐकून घेतलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं. वकिलाची अशी उपेक्षा आजवर कुणी केली नव्हती. तो बुचकळ्यात पडून गप्प झाला. आणि एका सकाळी रडूबाई त्याच्यासमोर आली, पुढचे पाय जमिनीला टेकले, ढुंगण वर केलं आणि खेळायला बोलावलं. साहेब गोंधळला. या वयात, या हुद्द्यावर, हे असलं काही आपल्याला कुणी विचारेल, अशी त्याची अपेक्षा नसावी. मग त्यानंही पुढचे पाय टेकले, अवघडून, आणि पुढच्या क्षणी ते एवढं धूड अंगणात असं सुसाट सुटलं की वाळत घातलेल्या चादरी खाली आल्या.

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच लेकीला सांगितलं आणि लेकीनं बाबांना.

मास्तरांनी मानायला साफ नकार दिला. "फिरायला म्हणून नेत होतीस आणि हे चाललं होतं? आणि ढिल्या दोरीनं? मीसुद्धा दोरी ढिलीच धरतो की."

"बाबा," लेक म्हणाली, "मला गाडी शिकवताना पण तुम्ही म्हणायचात, माझा पाय ब्रेकवर नाहीये."

मास्तर जरा वरमले, पण हट्ट सोडला नाही. "मी माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला तिथं ठेवणार नाही. आणि त्याला ठेवल्याशिवाय दवाखान्यात पाऊल टाकणार नाही."

मागणी रास्तच होती. काकूंनी त्यांना अंगणाच्या दारात बोलावलं. आत चौघं कुत्री निवांत पहुडलेली, साहेब रडूबाईच्या शेजारी. दार किलकिलं झालं, साहेबाला मास्तरांचा वास आला, आणि तो उठला. धावत जाऊन मास्तरांच्या पुढ्यात आडवा उभा राहिला. वकील शेपटी हलवत पाहुण्याची चौकशी करायला पुढं आला, तसा मास्तरांचा हात साहेबाच्या गळ्याकडे गेला. गळपट्टा नव्हता, तर त्यांनी मानेची कातडीच धरली. आणि साहेबानं वकिलाच्या नाकासमोर असा कडाड्कन जबडा मिटला की वकील किंचाळत घरात शिरला आणि अर्ध्या दारावरून पलीकडे पळाला.

"बघितलंत?" मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय होता. "बघितलंत ना?"

काकूंनी कपाळाला हात लावला. मास्तर नसताना कुत्रा गुणी, आणि मास्तरांना पटवायचं तर मास्तर हवेत. डॉक्टरांची तारीख तोंडावर आलेली. आता घोडं असं अडलं होतं की काकूंची सगळी विद्या त्यापुढं फोल.

तोड वन्संनीच काढली. "माझी खिडकी आहे की. काच बंद ठेवू. वास नाही, आवाज नाही. वरून मला सगळं स्वच्छ दिसतं, ते तर तू ऐकलंच आहेस." शेवटचं वाक्य काकूंसाठी होतं.

ठरलं. लेक साहेबाला आधी आणून अंगणात सोडून आली. मग पुढच्या दारानं मास्तर आले. जिना चढताना ते मधल्या पायरीवर बसले. वन्सं चार पायऱ्या वर थांबल्या आणि जिन्याचा कठडा पुसत असल्याचं सोंग करत राहिल्या. लेकीनं आधाराला हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. वर पोचल्यावर खिडकीपाशी मांडलेल्या खुर्चीत बसले, श्वास जागेवर यायची वाट पाहिली आणि खाली वाकून बघू लागले.

काकू त्यांच्या मागं उभ्या होत्या. काकूंना आज खाली बघायची गरज नव्हती. खाली काय चाललंय ते त्यांना माहीत होतं. पण मास्तरांच्या तोंडावर आता हसू फुटेल, ते बघायला त्या उत्सुक होत्या. शाळेच्या गॅदरिंगला मागं उभं राहून आयांचे चेहरे बघायच्या, तशा.

खाली साहेब उताणा पडला होता. चारी पाय वर, तोंड वेडंवाकडं, आणि रडूबाई त्याचा कान ओढत होती. वकील भोवती फेऱ्या मारत पंचगिरी करत होता. मग साहेब उठला, अंग झाडलं, सासूबाईजवळ गेला, तिच्यापासून बेतानं अंतर ठेवून बसला आणि तिथंच पाय पसरून झोपून गेला. एवढ्या कुत्र्यांत. पाठ सगळ्यांकडे करून.

मास्तरांना हसू काही फुटलं नाही.

"म्हणजे आता जावंच लागणार," ते म्हणाले.

काकूंना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. हा माणूस गेले कित्येक महिने त्या कुत्र्याच्या आडोशाला उभा होता. तो आडोसा त्यांनी मोठ्या कौतुकानं, वाजतगाजत, खिडकीत बसवून काढून घेतला होता. वन्सं कठडा पुसायचा फडका हातात तसाच धरून दारात उभ्या होत्या. त्यांना मुळीच आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

"भीती वाटते का हो मास्तर?" वन्संनी सरळ विचारलं.

"वाटते." मास्तर खिडकीतून नजर न काढता म्हणाले. "छाती उघडतात म्हणे. मशीनवर ठेवतात. आपला पाय कुठल्याच ब्रेकवर नसतो तेव्हा. फार भीती वाटते."

लेक दारापाशी भिंतीला टेकून उभी होती. इतके महिने ती त्यांच्यावर चिडत होती, एका कुत्र्यापायी जिवाशी खेळता म्हणून.

मग मास्तरांनी मान वळवली आणि काकूंना विचारलं, "माझी आठवण काढेल का तो? खरं सांगा."

आता, हा धंदाच असा आहे की मालक घ्यायला आला की 'फार आठवण काढली हो तुमची' असं म्हणावं लागतं. काकूंनी ते इतक्या जणांना म्हटलंय की तोंडाला वळणच पडलंय. त्यात कुणाचं नुकसान नसतं. कुत्रं दिवसभर उनाडलेलं असतं, मालक खूश होऊन जातो. या वेळीही वाक्य जिभेवर आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर मास्तर खुर्चीतून उठून खाली गेले असते आणि साहेबाला घेऊन घरी परतले असते. त्यांना तेवढंच निमित्त पुरलं असतं.

"नाही काढणार," काकू म्हणाल्या. त्यांचाच आवाज त्यांना परका वाटला. "पहिल्या दिवशी दाराकडे बघेल. थोडा वेळ. मग नाही बघायचा. जेवेल, खेळेल, झोपेल. तुम्ही परत आलात की वेडा होईल आनंदानं. पण तोवर तुमच्यावाचून त्याचं काही अडणार नाही, मास्तर."

मास्तरांनी मान डोलवली, एकदा, मग पुन्हा. चष्मा काढून डोळ्यांवरून हात फिरवला. खाली वकील कशावर तरी भुंकायला लागला होता. बंद काचेतून त्याचं नुसतं तोंड उघडमीट करताना दिसत होतं.

"लाव डॉक्टरांना फोन," ते लेकीला म्हणाले. "सांग, येतोय."

ती फोन शोधायला लागली. पिशवीत सापडेना, खिशात सापडेना, हातातच होता.

"आणि तू," मास्तर म्हणाले, आणि थांबले. आजवर दवाखान्यात तपासण्यांना ते एकटेच जात. लेकीनं येते म्हटलं की, 'तुझी रजा कशाला वाया घालवतेस, साहेबाकडं बघ' असं म्हणून तिला घरी बसवत. आता साहेबाकडं बघायला माणसं होती. "तू त्या दिवशी माझ्याबरोबर येशील का? आतपर्यंत. जिथपर्यंत येऊ देतील तिथपर्यंत."

"येईन की, बाबा," लेक म्हणाली. "मला कधी बोलावलंतच नाहीत तुम्ही."